पुण्यांतील एक वारसा-फेरी : गुणदोषविचार

गेल्या पौषांत पुण्यांत निघालेल्या एका पायीं फेरींत आम्हीही सामील झालों. कसबा गणपति, लाल महाल, शनिवारवाडा, विश्रामबागवाडा असा क्रम होता. तरुण मार्गदर्शकाच्या मागें चाळीस माणसें चार तास चाललीं, हें थोडें नव्हे.

तथापि दोन दोष नमूद करणें अवश्य आहे. सध्यांचा लाल महाल ही महानगरपालिकेनें १९८८ सालीं पुरी केलेली इमारत होय. परंतु १६६३ चा शाएस्तेखानावरील छापा याच भिंतींनीं पाहिला, असें श्रोत्यांस सांगण्यांत आलें. पुढें शनिवारवाड्यांत, १७७३ च्या नारायणराव-वधाच्या प्रसंगीं, 'ध'चा 'मा' ही आख्यायिका डोळ्यांदेखत घडल्यासारखी वर्णिली गेली. मोडींत 'धरावें'चें 'मारावें' कसें होईल, हें एकदां लिहून दाखविलें असतें, तर श्रोत्यांस स्वतः विचार करतां आला असता. उलट, १७३० त घातलेला पाया, १८२८ ची आग आणि त्यामुळें मागें राहिलेलीं जोतीं, हें निश्चित असलेलें सर्व अनुक्तच राहिलें.

फेर्‍या बंद कराव्या, असें आमचें म्हणणें नाहीं. वास्तु, कागद आणि कर्णोपकर्णीं आलेली गोष्ट या तिहींतील भेद मात्र प्रत्येक ठिकाणीं सांगावा. कारण, ऐकणारा एखादा मुलगा घरच्या माळ्यावरील मोडी रुमाल उद्यां रद्दींत घालील कीं संशोधकाकडे आणील, हें बहुधा त्यावरच ठरेल.