शोकाची सापेक्षता : बर्मिंगहॅम, १९६३

करुण रस आणि विप्रलंभ शृंगार यांतील भेद सांगताना भरताने एक मार्मिक निकष वापरला आहे : विप्रलंभ सापेक्ष असतो, करुण निरपेक्ष. विरहात पुनर्भेटीची आशा असते. मृत्यूने ती संपवलेली असते. शोकगीताविषयीची आपली धारणा बहुधा याच निकषावर उभी आहे. म्हणूनच शोकगीतात मागणी डोकावली, की करुण ढळून प्रचार सुरू झाला, असा शेरा मारला जातो. अमेरिकेतील नागरी हक्क चळवळीचे संगीत हा शेरा तपासून पाहण्यास भाग पाडते.

१५ सप्टेंबर १९६३ रोजी अलाबामातील बर्मिंगहॅम येथे वर्णद्वेष्ट्यांनी एका बाप्टिस्ट चर्चमध्ये घडवलेल्या स्फोटात चार कृष्णवर्णीय मुली मरण पावल्या. त्याआधी १२ जूनला मिसिसिपीत मेडगर एव्हर्स यांची हत्या झाली होती. या शोकातून निर्माण झालेल्या दोन रचना प्रकृतीने परस्परविरुद्ध आहेत.

जॉन कोल्ट्रेन यांची 'अलाबामा' १८ नोव्हेंबर १९६३ रोजी ध्वनिमुद्रित झाली. तीत शब्द नाहीत. पियानोच्या खर्जातील कंपनावर सॅक्सोफोन संथ, तालमुक्त स्वरावली मांडतो; मध्ये काही काळ ताल धरला जातो आणि रचना पुन्हा विलापाकडे वळते. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या श्रद्धांजलीच्या भाषणावर ती बेतली असल्याचे पुष्कळदा सांगितले जाते. परंतु तिच्या आकलनाला त्या आधाराची गरज नाही. शीर्षक हीच तिची एकमेव शाब्दिक संहिता, आणि त्यात नाव आहे ते मृतांचे नव्हे, राज्याचे. त्या एका नावाने विलापात अभियोग मिसळतो.

नीना सिमोन यांचे 'मिसिसिपी गॉडॅम' याच्या अगदी उलट आहे. १९६४ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या या गीताची चाल संगीतनाट्यातील गीतासारखी द्रुत आणि खेळकर आहे. आरंभी श्रोते हसतात. पुढे ते हसू विरते. 'सबुरीने घ्या' हा उपदेश गीतात असा परतपरत येतो, की त्यातील सबुरीच असह्य व्हावी. येथे शोक विलापाचे रूपच नाकारतो. कारण विलाप ऐकून श्रोता हळहळतो आणि मोकळा होतो.

तरीही दोन्ही रचनांत एक साम्य आहे. मृत व्यक्तीच्या संदर्भात त्यांतील शोक पूर्णतः निरपेक्ष आहे. जिवंत समाजाच्या संदर्भात मात्र तो सापेक्ष आहे. ज्या मृत्यूमागे नियती नसून व्यवस्था असते, त्याचा शोक न्यायाच्या अपेक्षेवाचून पूर्ण होऊच शकत नाही. त्यामुळे निषेध हा अशा शोकाला बाहेरून चिकटवलेला आशय ठरत नाही. तो त्या शोकाचाच घटक असतो. क्रौंचवधाच्या प्रसंगी वाल्मीकीच्या शोकातून उमटलेला श्लोकही निषादाला दिलेला शापच होता, याचा विसर आपल्या करुणविचाराला पडलेला दिसतो.

बर्मिंगहॅमच्या स्फोटातील तिघा आरोपींना १९७७, २००१ आणि २००२ मध्ये शिक्षा झाल्या. एव्हर्स यांच्या मारेकऱ्याला १९९४ मध्ये. म्हणजे सबुरीचा अर्थ चौदा ते अडतीस वर्षे असा होता. प्रचाराचा शेरा मारणाऱ्या समीक्षेनेही शोकाला तोच सबुरीचा सल्ला दिलेला असतो.