आयकॉन काढणारे पुष्कळ, सांभाळणारे थोडे

विंडोजमध्ये माउसच्या सेटिंग्जची जुनी खिडकी उघडली की कर्सरच्या भूमिकांची यादी समोर येते. साधा बाण, मदतीचा बाण, ‘थांबा’ सांगणारा, मजकुरातला उभा दांडा, लिंकवरचा हात, खिडकी ताणायचे चार दुतोंडी बाण. बरीच वर्षं ही यादी १५ वर थांबलेली होती. विंडोज १० मध्ये ठिकाण निवडायचा आणि व्यक्ती निवडायचा असे दोन कर्सर वाढले. इंटरनेटवर फुकट मिळणारे कर्सरचे संच उतरवून पाहावेत, तर त्यांतले पुष्कळसे अजून १५ पाशीच आहेत. कित्येक तर पाच-सहा चित्रांतच आटोपलेले: ड्रॅगनचा बाण, ड्रॅगनचा पंजा, आणि खिडकी ताणायला गेलं की मायक्रोसॉफ्टचा पांढरा बाण. चित्रकाराचा उत्साह जिथे संपला, तिथे संचही संपला.

या हौशी कलेला आज प्रतिभेची वानवा नाही. काढलेलं पुरं करणं, त्याला नीट नाव देणं, परवाना लिहून ठेवणं, यंत्रणा बदलली की चित्र पुन्हा हातात घेणं, या कंटाळवाण्या कामाला माणूस मिळत नाही.

सुरुवात मात्र कमालीच्या शिस्तीत झाली होती. सुझन केअर यांनी १९८३ मध्ये ॲपलच्या मॅकिंटॉशसाठी चित्रं काढायला घेतली, ती आलेखाच्या वहीत. ३२ आडवे, ३२ उभे, एकूण १,०२४ चौकोन आणि प्रत्येक चौकोन काळा नाहीतर पांढरा. हसरा मॅक, वात पेटलेला बॉम्ब, कचऱ्याचा डबा, सगळं त्यात बसलं. कमांडच्या कळीवरचं चार वेटोळ्यांचं चिन्ह त्यांनी चिन्हकोशातून उचललं; स्वीडनमध्ये ते प्रेक्षणीय स्थळांच्या पाट्यांवर असतं. त्यांची रेखाटनं आता न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहेत, आणि ती पाहताना जाणवतं की एक चौकोन इकडचा तिकडे झाला तरी चेहऱ्याचा भाव बदलतो.

कर्सरला अशी कौतुकं कमी मिळाली, पण त्याची कारागिरी जास्त अवघड आहे. डग्लस एंगलबार्ट यांच्या माउसचा पहिला बाण सरळ वर तोंड करून उभा होता. झेरॉक्सच्या पार्क प्रयोगशाळेत तो कलता झाला, कारण त्या काळच्या भरड पडद्यावर एक बाजू सरळ आणि एक पंचेचाळीस अंशांत ठेवली की बाण स्वच्छ दिसे. आयकॉनकडे नुसतं पाहायचं असतं, कर्सरने काम करायचं असतं. म्हणून त्याच्या फाइलमध्ये एक जादा माहिती लागते, नेमका कोणता पिक्सेल ‘टोचतो’ त्याची. त्याला हॉटस्पॉट म्हणतात. विंडोजची आयकॉनची फाइल आणि कर्सरची फाइल यांची रचना जवळपास एकच आहे. खरा फरक या बिंदूचा. आणि हौशी कर्सरांत नेमकी इथेच सर्वांत जास्त बेपर्वाई दिसते. चित्र तलवारीचं, तिचं टोक उजवीकडे खाली आणि हॉटस्पॉट मात्र वरच्या डाव्या कोपऱ्यात, मुठीपाशी. असा कर्सर दिसायला कितीही देखणा असला तरी अर्ध्या तासात काढून टाकला जातो.

हौशी मंडळींचा बहराचा काळ म्हणजे १९९५ नंतरची दहा-बारा वर्षं. १९९६ मध्ये अमेरिकेत ‘आयकॉनफॅक्टरी’ सुरू झाली. मॅकसाठी फुकट आयकॉन वाटणाऱ्या या चमूने ‘पिक्सेलपलूझा’ नावाच्या आयकॉनस्पर्धाही भरवल्या आणि पुढे २००१ च्या विंडोज एक्सपीसाठी शंभरावर आयकॉन रेखले. हौसेतून व्यवसाय उभा राहिल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण या क्षेत्रात दुसरं नाही. २००० साली निघालेलं ‘डेव्हियंटआर्ट’ आज सगळ्या चित्रकारांचं घर असलं, तरी त्याची मुळं विनॲम्प या गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रामचे मुखवटे आणि डेस्कटॉप सजवणाऱ्यांच्या वर्तुळात आहेत. ‘रिअलवर्ल्ड कर्सर एडिटर’सारखी फुकट साधनं आली आणि शाळकरी मुलंसुद्धा हलते कर्सर बनवू लागली.

मग भीती शिरली. ‘कॉमेट कर्सर’ या प्रोग्रामने वेबसाइटनुसार रूप बदलणारा बाण देऊ केला आणि वापरणाऱ्यावर नजर ठेवल्याबद्दल बदनामी ओढवून घेतली. २००७ मध्ये विंडोज हलत्या कर्सरची फाइल ज्या पद्धतीने वाचतं तिच्यातच भोक सापडलं. नुसतं वेबपान उघडून संगणक दुसऱ्याच्या ताब्यात जाऊ शकत होता. मायक्रोसॉफ्टला महिन्याचं ठरलेलं वेळापत्रक मोडून ३ एप्रिलला दुरुस्ती द्यावी लागली. फुकट कर्सर म्हणजे संशयित माल, ही समजूत तेव्हापासून पक्की झाली, ती अजून पुरती गेलेली नाही.

देखभालीचं महत्त्व ज्यांना कळलं, ते बहुतेक मुक्त सॉफ्टवेअरवाले. २००५ च्या ‘टँगो’ प्रकल्पाची चित्रं आज जुनाट वाटतील, पण त्याने एक रंगपेटी आणि नावांची एक पद्धत रुजवली, म्हणून एकाने काढलेला संच दुसऱ्याच्या डेस्कटॉपवर बसू लागला. कर्सरच्या बाबतीत लिनक्सवर अजून गंमत आहे. संचाच्या फोल्डरमध्ये अगम्य आकडे-अक्षरांची नावं धारण केलेल्या कित्येक जोडफाइली असतात, कारण जुने प्रोग्राम कर्सरला नावाने हाकच मारत नाहीत. त्या जोडफाइली विसरल्या की संच फाटका दिसतो. ही कारागिरी कुठल्याही प्रदर्शनात मांडली जाणार नाही.

वेबवरच्या आयकॉनांत ‘फेदर’ या रेषांच्या नेटक्या संचाचं काय झालं ते बोलकं आहे. चित्रं उत्तम, मागणी मोठी, पण नव्या मागण्या साचत गेल्या. २०२० मध्ये काही जणांनी त्याची वेगळी शाखा काढली, ‘ल्युसिड’. रेषेची जाडी, कोपऱ्यांची गोलाई, चौकटीतली मोकळी जागा यांचे नियम लिहून काढले आणि त्यात बसेल तेच चित्र घ्यायचं ठरवलं. आज मूळ संचापेक्षा ही शाखा कितीतरी मोठी आहे. अँड्रॉइडवरच्या ‘आर्क्टिकॉन्स’चंही तसंच. लोक आपल्या फोनमधल्या ॲपसाठी आयकॉन मागतात, स्वयंसेवक काढतात, आणि एखाद्या ॲपने आपलं अंतर्गत नाव बदललं की जोडणी तुटते, ती पुन्हा लावावी लागते.

अशा मागण्यांच्या रांगेमुळेच या संचांचा भूगोल थोडा रुंदावतो. एरवी पैसा म्हटला की डॉलर आणि टपालपेटी म्हटली की अमेरिकी घराबाहेरची झेंडेवाली, अशीच सवय आहे. मुंबईच्या आयआयटीत संशोधन करणाऱ्या डी. उदयकुमार यांचं रुपयाचं चिन्ह जुलै २०१० मध्ये सरकारने स्वीकारलं, त्याच वर्षी ते युनिकोडमध्येही आलं. तरी प्रत्येक संचात ते कोणालातरी त्या संचाच्या वळणाने नव्याने काढावं लागलं.

दरम्यान यंत्रणांच्या मालकांनी जागा आवळली आहे. ॲपलने २०२० मध्ये मॅकच्या आयकॉनांना गोल कोपऱ्यांची चौकट सुचवली. २०२५ च्या ‘टाहो’ या मॅकच्या आवृत्तीत चौकटीत न बसणारा आयकॉन सरळ करड्या चौकोनात कोंबला जातो. एकसारखेपणा मिळाला, पण पूर्वी नुसत्या बाह्यरेषेवरून ॲप ओळखता येई, ते सुख गेलं. सौदा वाईट झाला असंच म्हणावं लागेल. ब्राउझरही १२८ पिक्सेलपेक्षा मोठा कर्सर स्वीकारत नाहीत. पानातल्या चित्राने खोटी बटणं उभी करू नयेत हे त्यामागचं कारण, आणि ते रास्त आहे.

उरते ती दाट पिक्सेलच्या पडद्यांची अडचण. ३२ पिक्सेलचा कर्सर दाट पडद्यावर ताणला की धुरकट होतो, आणि नजर अधू असलेल्यांना मोठा बाण हवा असतो. लिनक्सवरच्या केडीईच्या ‘प्लाझ्मा’ डेस्कटॉपच्या ६.२ आवृत्तीने २०२४ मध्ये एसव्हीजी, म्हणजे रेषांनी मांडलेले, कर्सर वाचायला सुरुवात केली. असा कर्सर कितीही मोठा केला तरी धारदार राहतो. पण जुने हजारो संच त्यात आपोआप उतरणार नाहीत. चौकोनाचौकोनाने रचलेलं चित्र रेषांत नव्याने काढावं लागतं. मूळ चित्रकार टोपणनावाआड हरवलेला, पाठवलेल्या निरोपाला उत्तर नाही, परवान्याच्या जागी ‘फुकट, मजा करा’ एवढंच लिहिलेलं. त्यातली अर्धी पात्रं कुठल्यातरी जपानी मालिकेतून किंवा व्हिडिओ गेममधून उचललेली. कोणी हौसेने पुन्हा काढायला बसला, तरी ते वाटण्याचा हक्क त्याला कोण देणार, हे त्या फाइलीत कुठेच नोंदलेलं नाही.