फळ्यावरचा पिरॅमिड आणि उमेदवाराशिवाय झालेला व्हायवा

‘द बॅटल ऑफ अल्जियर्स’ (1966) पाहिला असेल तर कर्नल मात्यूचा फळा आठवत असेल. त्यावर तो बंडखोर संघटनेचा पिरॅमिड काढतो. एकेकाला बोलतं केलं की माथ्यापर्यंत पोचता येतं, एवढं सोपं.

मात्यू काल्पनिक, पण त्याचं सैन्य खरं. फ्रान्सची दहावी पॅराशूट डिव्हिजन 1956 मध्ये उभी राहिली आणि जानेवारी 1957 मध्ये अल्जियर्समधले पोलिसांचे अधिकार तिच्या जनरल मास्यूंकडे गेले. दिग्दर्शक पोन्तेकोर्व्हो छळ लपवत नाही, हे मान्यच. माझी तक्रार त्या आकृतीबद्दल आहे. ती इतकी नेटकी आहे की बघता बघता आपणही ती खरी धरतो.

आता या मॉडेलमध्ये न बसणारा डेटा बघा. मोरिस ओदाँ: वय 25, गणितज्ञ, कम्युनिस्ट, थीसिस जवळजवळ पूर्ण. जून 1957 मध्ये पॅराट्रूपर्सनी त्याला घरातून उचललं. पुढे सैन्य म्हणालं, तो पळाला. डिसेंबरमध्ये सोरबॉनला त्याचा व्हायवा झाला, उमेदवाराशिवाय. सरकारने जबाबदारी कबूल केली ती थेट 2018 मध्ये.

चित्रपटात ओदाँ नाही. 1961 चं जनरलांचं बंडही नाही. त्यात याच डिव्हिजनची एक रेजिमेंट स्वतःच्या सरकारवर उलटली आणि त्याच वर्षी डिव्हिजन बरखास्त झाली. म्हणजे ही पद्धत वापरणाऱ्यांचं पुढे काय झालं, ते फळ्याबाहेरच राहतं.

चित्रपट जरूर बघा. फक्त मात्यू खडू उचलेल तेव्हा तो व्हायवा आठवा.