धीर धरणे आणि धीर देणे

कोणती पुस्तके वाचली म्हणजे माणूस कणखर होतो, ह्या प्रश्नाचे उत्तर पूर्वी घरातली वडीलधारी मंडळी देत. आता ते काम उद्योगपतींनी अंगावर घेतले आहे. अमेरिकेत तर अशा उद्योजकांचा एक वर्गच तयार झाला आहे. एकीकडे ते कंपन्या उभारतात, दुसरीकडे हौसेने शंभर शंभर मैल धावतात. जेसी इट्झलर हे त्यांतले एक ठळक नाव. खासगी विमानप्रवासाच्या धंद्यात नाव कमावलेल्या ह्या गृहस्थाने नौदलाच्या एका कमांडोला महिनाभर आपल्या घरी आणून ठेवले, त्याच्या हुकमाप्रमाणे देह झिजवला आणि २०१५ साली त्यावर पुस्तक लिहिले.

अशा मंडळींच्या शिफारशींत काही नावे फिरून फिरून येतात. आल्फ्रेड लॅन्सिंगचे ‘एन्ड्युरन्स’, व्हिक्टर फ्रँकलचे ‘मॅन्स सर्च फॉर मीनिंग’ आणि डेव्हिड गॉगिन्सचे ‘कान्ट हर्ट मी’ ही त्यांतली प्रमुख. हे वारे आपल्याकडेही पोचले आहे. माझ्या एका माजी विद्यार्थ्याला कचेरीतून दिवाळीच्या मिठाईबरोबर ह्यांतली दोन पुस्तके मिळाली. ती वाचून त्याने मला विचारले, “बाई, ही पुस्तके मी वाचायची की आमच्या साहेबांनी?”

प्रश्न थट्टेचा होता, पण ही तिन्ही पुस्तके पुन्हा वाचताना त्याने माझा पिच्छा सोडला नाही. मराठीत धीर धरता येतो, तसा तो देताही येतो. धरणारा एकटा असू शकतो. देणाऱ्याला मात्र समोर दुसरे माणूस लागते. सोशिकपणा नि नेतृत्व ह्यांतला फरक मला तरी ह्या दोन क्रियापदांत सापडतो, आणि त्याच मापाने ही पुस्तके मोजावीत असे वाटते.

गॉगिन्सचे पुस्तक २०१८ सालचे. बापाच्या माराखाली गेलेले बालपण, वर्णद्वेषाचे चटके, मग अवाढव्य वाढलेले शरीर आणि ते झिजवून नौदलाच्या कमांडो-दलात मिळवलेला प्रवेश, ही त्याची कहाणी. बालपणाची प्रकरणे विलक्षण खरी आहेत. तिथे लेखक स्वतःला सोडत नाही की वाचकाची दया मागत नाही. पुढे मात्र पुस्तक एकसुरी होते. मन ‘आता पुरे’ म्हणते तेव्हा माणसाने आपली चाळीस टक्केच शक्ती वापरलेली असते, हा त्याचा सिद्धांत. आणि तो सिद्ध करण्यासाठी मोडलेल्या पायांनीही तो धावत राहतो. शरीराची सूचना त्याला शत्रूची वाटते. शिव्यांची पेरणी इतकी आहे की घरात मोठ्याने वाचायची सोय नाही. धीर धरण्याचे हे टोक आहे खरे. पण धीर देण्याची ओळख इथे फारशी होत नाही. ज्या मुलाला बालपणी तो कोणी दिलाच नाही, त्याला तो कुठून ठाऊक असणार?

लॅन्सिंगचे पुस्तक १९५९ सालचे. वाचलेल्या खलाशांना भेटून, त्यांच्या रोजनिश्या चाळून ह्या अमेरिकन पत्रकाराने अर्नेस्ट शॅकल्टनच्या दक्षिण ध्रुवाकडील मोहिमेची हकीकत लिहिली. ‘एन्ड्युरन्स’ हे जहाज जानेवारी १९१५ मध्ये बर्फात अडकले आणि नोव्हेंबरमध्ये बुडाले. अठ्ठावीस माणसे हिमखंडांवर राहिली, होड्यांतून एलिफंट बेटावर पोचली. तिथून शॅकल्टन पाच सोबत्यांसह जेमतेम बावीस-तेवीस फुटी होडीतून सुमारे ८०० सागरी मैल पार करून साउथ जॉर्जिया बेटावर गेला नि मदत घेऊन आला. लॅन्सिंग विशेषणे उधळत नाही. ओल्या पांघरुणांची, सीलच्या चरबीची, रोजच्या शिध्याची हकीकत तो शांतपणे सांगतो, आणि त्या शांतपणानेच अंगावर काटा येतो.

ह्या पुस्तकात धीर देणे जागोजाग दिसते. सामान टाकून देताना शॅकल्टन सोन्याची नाणी बर्फावर फेकतो, पण हसी नावाच्या सोबत्याचा बँजो मात्र जपायला लावतो. कुरकुऱ्या माणसांना तो दूर ठेवत नाही, आपल्याच तंबूत घेतो. कप्तान वर्स्लीने नोंदवून ठेवले आहे की, होडीत एखादा गारठून खचू लागला की शॅकल्टन सगळ्यांनाच गरम दूध द्यायला सांगे. एकट्याला दिले तर त्याला आपला दुबळेपणा कळेल म्हणून. नेतृत्वाचे इतके सुंदर उदाहरण मी दुसरीकडे वाचलेले नाही.

पण उद्योजक ही कथा सांगतात तेव्हा काही गोष्टी सोयीने गळतात. ह्याच मोहिमेची दुसरी तुकडी खंडाच्या पलीकडच्या बाजूला, रॉस समुद्राकडे होती. शॅकल्टनसाठी वाटेवर अन्नसाठे रचण्याचे काम तिने पुरे केले. तो त्या वाटेने आलाच नाही, आणि तिच्यातले तिघे १९१६ साली मेले. ज्याच्या कसबामुळे होडी समुद्रात टिकली त्या सुतार मॅकनिशला, पूर्वी एकदा हुकूम मोडू पाहिला म्हणून, शॅकल्टनने ध्रुवीय पदक मिळू दिले नाही. आणि गंमत अशी की, उद्योजकांच्या ह्या आदर्शाला धंदा कधी जमला नाही. १९२२ साली तो वारला तेव्हा डोक्यावर कर्ज होते. ह्याने शॅकल्टन लहान होत नाही. यशाची किल्ली म्हणून त्याची कथा विकणे तेवढे हास्यास्पद ठरते.

फ्रँकलचे पुस्तक मुळात १९४६ सालचे, जर्मन भाषेतले. त्याचे इंग्रजी भाषांतरही १९५९ सालीच आले, आणि मराठीतही ते उपलब्ध आहे. व्हिएन्नाचा हा मानसोपचारतज्ज्ञ नाझींच्या छळछावण्यांतून वाचला; त्याची पत्नी, आईवडील आणि भाऊ वाचले नाहीत. कोण जगले ह्यात दैवाचा वाटा किती मोठा होता, हे तो लपवत नाही. ‘वृत्ती बदला, सगळे सुधारेल’ असा सोपा अर्थ ह्या पुस्तकातून काढणे म्हणजे परत न आलेल्यांचा अपमान होय. शिवाय फ्रँकल एक अट घालतो, ती शिफारस करणारे क्वचितच सांगतात. दुःखात अर्थ शोधायचा तो ते टाळता येत नसेल तेव्हाच. टाळता येण्यासारखे असेल तर त्याचे कारण दूर करणे हेच अर्थपूर्ण. ते उगाच सोसण्यात वीरता नाही.

माझ्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर ह्या अटीत आहे. रात्री दहापर्यंत कचेरीत बसवणे हे काही दक्षिण ध्रुवावरचे बर्फ नव्हे. ते कोणीतरी ठरवलेले असते आणि ठरवणाऱ्याला ते बदलता येते. वरच्याने खालच्याच्या हाती सोशिकपणाचे पुस्तक ठेवावे आणि काम मात्र तसेच चालू द्यावे, ही पुस्तकाची भेट नव्हे. आपले कर्तव्य दुसऱ्याच्या स्वभावावर ढकलणे आहे. म्हणून पुस्तके दोघांनी वाचावीत, आणि साहेबांनी अगोदर.

ह्या सुट्टीत घरात एकच पुस्तक आणायचे असेल तर लॅन्सिंगचे आणा. मुलांना मोठ्याने वाचून दाखवा, आणि एलिफंट बेटावरच्या प्रकरणांपाशी थोडे थांबा. शॅकल्टन मदतीला गेल्यावर मागे राहिलेले बावीस जण दोन पालथ्या होड्यांखाली चार महिन्यांहून अधिक काळ राहिले. त्यांचा प्रमुख फ्रँक वाइल्ड रोज सकाळी सांगे, अंथरुणे गुंडाळून ठेवा, साहेब कदाचित आजच येतील. ते येतील की नाही हे त्याला तरी कुठे ठाऊक होते? ३० ऑगस्ट १९१६ रोजी चिलीचे एक लहान जहाज घेऊन शॅकल्टन खरेच आला. किनाऱ्याला लागण्यापूर्वीच त्याने ओरडून विचारले, ते सगळे सुखरूप आहेत ना एवढेच. आणि होकार देणारा आवाज वाइल्डचा होता.