कॅमेऱ्याची ठरलेली जागा

रंगीत चित्रणाचं नवं तंत्र पारखायला राजाच्या मिरवणुकीइतका सोयीचा विषय नाही. १९११च्या दिल्ली दरबारासाठी पंचम जॉर्ज हिंदुस्थानात आला, तेव्हा चित्रपट-निर्माता चार्ल्स अर्बनची माणसं किनेमाकलर घेऊन हजर होती. फिल्म कृष्णधवलच, पण ती फिरत्या तांबड्या-हिरव्या काचांमधून टिपायची आणि तशीच दाखवायची. घोडे दौडू लागले की त्यांच्या कडांना तांबडी-हिरवी झालर फुटे. तरीही फेब्रुवारी १९१२मध्ये लंडनच्या स्काला थिएटरात रंगमंचावर ताजमहालाचा देखावा आणि समोर वाद्यवृंद अशा थाटात हा अडीच तासांचा खेळ लागला आणि तुफान चालला. आज त्यातले तुकडेच उरलेत.

त्याच दरबारातलं माझ्या मते सर्वांत मोलाचं दृश्य मात्र साध्या कृष्णधवल वार्तापटातलं आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड मुजऱ्याला येतात, एकदाच झुकतात आणि पाठ फिरवून चालू लागतात. काही क्षणांचा मामला, पण त्यावरून लंडनच्या वर्तमानपत्रांनी रान उठवलं. तो अपमान होता की गोंधळ, याचा निकाल कॅमेरा देत नाही. समारंभाची घडी जिथे विस्कटते तिथेच राजदौऱ्यांचे हे चित्रपट जिवंत होतात. आणि नेमकं तेच टाळण्यासाठी कॅमेऱ्याची जागा आधी आखून दिलेली असते.

१७ नोव्हेंबर १९२१ला प्रिन्स ऑफ वेल्स एडवर्ड मुंबईत उतरला. अपोलो बंदरावर सलामी झडली, तिकडे परळला गांधीजींच्या उपस्थितीत विदेशी कापडाची होळी पेटली आणि पुढचे काही दिवस शहरात दंगल उसळली. दोनच दिवसांनी पुण्यात याच राजपुत्राच्या हस्ते शिवस्मारकाची कोनशिला बसली. एवढं नाट्य एका आठवड्यात! अधिकृत चित्रणाची चौकट त्यातलं किती सामावून घेणार?

दुसऱ्या महायुद्धानंतर यजमान देशांची सरकारंच निर्माते झाली. कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डाने १९५१मध्ये राजकन्या एलिझाबेथच्या दौऱ्यावर ‘रॉयल जर्नी’ काढला, तोही तेव्हा नव्याकोऱ्या ईस्टमनकलरमध्ये. यात पाहुणी हे निमित्त आहे. खरी नायिका कॅनडाच. रॉकी पर्वतातून जाणारी गाडी, लहानशा स्टेशनांवरची गर्दी, पोलादाचा कारखाना. ऑस्ट्रेलियाच्या १९५४च्या ‘द क्वीन इन ऑस्ट्रेलिया’चंही तेच. मला यात प्रचार खटकत नाही, तो उघड आहे. खटकतं ते हे, की ‘रॉयल जर्नी’त कॅनडाच्या व्हिक्टोरिया शहरात आदिवासी नाचतात ते पाहुण्यांसाठी, आणि आपणही त्यांना पाहुण्यांच्या खुर्चीतूनच पाहतो.

टीव्हीने जवळीक आणली खरी, पण ती मोजून मापून. २००७मध्ये बीबीसीच्या एका झलकेत दृश्यांचा क्रम असा लावला गेला, की छायाचित्र काढून घेताना राणी एलिझाबेथ रागाने उठून गेली असंच वाटावं. बीबीसीला माफी मागावी लागली आणि वाहिनीप्रमुखांना राजीनामा द्यावा लागला. खोट्या संकलनाला शिक्षा झाली हे योग्यच. पण गोडगोड संकलनाबद्दल आजवर कुणाची खुर्ची गेलेली नाही.

आता दौरा थेट प्रक्षेपित होतो, उरलेलं काम बघ्यांचे मोबाईल करतात. माहितीपटाला वाव आहे तो जुन्या रिळांत. दिग्दर्शक सर्गेई लोझनित्सा याने स्टालिनच्या अंत्ययात्रेच्या सरकारी चित्रणातून ‘स्टेट फ्युनरल’ (२०१९) उभा केला. वरून निवेदन नाही. रांगेतले चेहरेच्या चेहरे समोरून सरकत राहतात आणि सरकारी फिल्म सरकारविरुद्ध साक्ष देऊ लागते. राजदौऱ्यांच्या रिळांतही रस्त्याकडेला अशीच हजारो माणसं उभी आहेत: कुणी टोपी उडवतं, कुणी नुसतंच बघतं, कुणी पोलिसाच्या काठीकडे डोळे लावून आहे. त्यांच्यावर कॅमेरा फार तर दोन सेकंद थांबतो. संकलकाने ते दोन सेकंद ताणावेत, आणि सुरुवात १९२१पासून करावी.