तेलकट पत्र्यावर चिकटलं खरं, पण तेल गेलं कुठे?

तेलाचा हात लागलेल्या स्टीलच्या डब्यावर सेलोटेप टिकत नाही. मोटारींच्या कारखान्यात मात्र गंज रोखणाऱ्या तेलासकट पत्र्यावर इपॉक्सी लावतात, साधारण १८० अंश सेल्सिअसच्या भट्टीत तापवतात आणि सांधा पक्का होतो. हे कसं काय?

पुस्तकी नियम सांगतो, की द्रवाचा पृष्ठताण खालच्या पृष्ठभागाच्या ऊर्जेपेक्षा कमी असेल तरच तो नीट पसरतो. खनिज तेलाचा पृष्ठताण साधारण ३० मिलिन्यूटन प्रति मीटर, इपॉक्सीचा ४० च्या वर. म्हणजे चिकटायलाच नको! नियम चूक नाही; तेलाला स्थिर जमीन समजणं चूक आहे. तो हलणारा थर आहे. गरम, पातळ झालेलं रेझिन त्याला शोषून घेतं (शोषण), किंवा रेझिनमधले ध्रुवीय गट धातूच्या ऑक्साइडला धरतात आणि तेल बाजूला सरतं (विस्थापन). सेलोटेपला यातलं काहीच नीट जमत नाही.

इथपर्यंत ठीक. माझा आक्षेप पुराव्याबद्दल आहे. अनेकदा स्वच्छ आणि तेलकट पत्र्यांचे सांधे ओढून बघतात, आकडे जवळपास सारखे आले की ‘तेलाचा परिणाम नाही’ असं लिहून मोकळे होतात.

जरा हिशेब करू. पत्रा २५ मिमी रुंद, ०.८ मिमी जाड. २०० मेगापास्कलला तो कायमचा ताणू लागतो. म्हणजे ४,००० न्यूटन. जोड १२.५ मिमीचा धरला तर सांध्यावरचा सरासरी ताण होतो फक्त १२.८ मेगापास्कल. चांगलं इपॉक्सी २० च्या वरही झेपवतं. मग आपण मोजलं काय? सांधा, की पत्रा? दोन्ही आकडे सारखे येण्याचं श्रेय पत्र्याचंही असू शकतं.

शिवाय शोषण झालं की विस्थापन, हे त्या आकड्यातून कळतच नाही. आणि सीमेवर उरलेलं तेल कोरड्या चाचणीत गप्प बसतं. दमट हवेत पाणी आत शिरलं की सांधा तिथूनच सुटू शकतो.

म्हणून असा निबंध हातात आला की चार गोष्टी शोधा: दर चौरस मीटरला किती ग्रॅम तेल होतं? पत्रा पुरेसा जाड होता का? सांधा अॅडहेसिव्हच्या आतून तुटला की धातूवरून सोलून निघाला? दमट उष्णतेत ठेवून पुन्हा तपासला का? यातलं काही नसेल, तर निष्कर्षातलं ‘सिद्ध झाले’ खोडून ‘दिसले’ असं वाचा. आणि स्वतःचा प्रयोग आखतानाही हीच यादी समोर ठेवा.