हाका आणि हाक

मराठी शिकारकथेत ‘हाका’ ओळखीचा आहे. रानाच्या एका अंगाने माणसं डबे बडवत, ओरडत निघतात आणि जनावर दुसऱ्या अंगाला, मचाणावरच्या बंदुकीपुढे जातं. ‘हाक’ घालून केलेल्या शिकारीला मात्र आपल्याकडे रुळलेलं नाव नाही. अमेरिकेतल्या डोंगररानांत वसंतात रानटर्कीची शिकार अशी होते: शिकारी झाडाला पाठ लावून बसतो, मादीचा आवाज काढतो आणि नराची वाट बघतो. एरवी नर ओरडतो आणि मादी त्याच्याकडे जाते. इथे त्यालाच चालत यावं लागतं. आपल्याकडचे पारधीही पाळीव तितराच्या आवाजावर रानातले तितर फाशात आणत. पण तिथे ओरडणारा निदान पक्षीच असतो. माणसाने आपल्याच गळ्यातून जोडीदाराचा आवाज काढायचा, हे प्रकरण वेगळं. त्याची मला सर्वांत अस्वस्थ करणारी कथा बंगळूरच्याच माणसाने लिहिली आहे.

केनेथ अँडरसन (१९१०–१९७४) बंगळूरच्या विमान कारखान्यात नोकरीला होता आणि सवड मिळाली की रानात. ‘नाइन मॅन-ईटर्स अँड वन रोग’ हे त्याचं पुस्तक १९५४चं. त्यातली जवळगिरीच्या नरभक्षक वाघिणीची कथा शहराच्या दक्षिणेला, आजच्या तमिळनाडूच्या कृष्णगिरी जिल्ह्यातल्या रानात घडते. जोडीचा वाघ मारला गेला आहे आणि वाघीण त्याला साद घालत रात्री फिरते आहे. मग तीही गोळीने जखमी होते आणि माणसं मारू लागते. शेवटी समागमाच्या दिवसांत तिची साद पुन्हा ऐकू येते तेव्हा अँडरसन नराचा आवाज काढतो. ती उत्तर देते आणि येते.

कथेचा कणा एवढाच, आणि तो विलक्षण आहे. एकच साद आपण दोनदा ऐकतो. पहिल्यांदा तिला उत्तर नसतं, कारण उत्तर देणारा मेलेला असतो. दुसऱ्यांदा उत्तर येतं ते बंदूकवाल्याचं. पहिली रात्र कथेत नसती तर शेवट म्हणजे एका धाडसी माणसाची युक्ती ठरला असता. अँडरसनने ती ठेवली. पण शेवटाशी पोचल्यावर तिची आठवण त्याने एका वाक्यानेही काढलेली मला दिसत नाही. तिथे त्याचं लक्ष अंतरावर, उजेडावर, बंदुकीवर. निवेदकाला जे सुचत नाही ते कथेच्या रचनेला कळलेलं आहे. साहित्यात असं होतं. शिकारकथेत क्वचित होतं, कारण तिथे सांगणारा सहसा शेवटपर्यंत स्वतःच्या कौतुकात असतो.

नरभक्षक म्हटलं की प्रश्न मिटतो, असं कोणी म्हणेल. गावं वेठीला धरली गेली होती, तिला मारणं भाग होतं. त्याबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो त्या ‘भाग होतं’च्या आडोशाचा. जिम कॉर्बेटनेही ठाकच्या वाघिणीला १९३८ साली अशीच हाक घालून जवळ आणलं. ‘मॅन-ईटर्स ऑफ कुमाऊं’मधल्या त्या प्रसंगात मावळत्या उजेडाची आणि जवळ येणाऱ्या आवाजाची भीती अंगावर येते. कॉर्बेट लेखक म्हणून नेटका, अँडरसन पाल्हाळिक. त्याच्या भुताखेतांच्या गोष्टी आणि काही फुशारक्या मी सरळ ओलांडून जातो. तरी या एका बाबतीत जवळगिरीचं पारडं मला जड वाटतं. ठाकला आपण शिकाऱ्यासाठी श्वास रोखतो. जवळगिरीला, लेखकाच्या नकळत, वाघिणीसाठी.

कन्नड वाचकाला अँडरसन पूर्णचंद्र तेजस्वींनी दिला. ‘काडिन कथेगळु’ ही त्यांची रूपांतरं आजही इथल्या घराघरांत सापडतात. इंग्रजी साहेबाचा शिकारी त्यामुळे इथल्या मातीतला गोष्टीवेल्हाळ माणूस झाला. मराठीत माडगूळकर, चितमपल्ली यांच्यामुळे आपला कान वेगळा घडला आहे. त्यांच्या रानात माणूस गप्प राहून ऐकतो. ‘सत्तांतर’मध्ये (१९८२) तर माकडांच्या राज्यात माणसाला जवळजवळ जागाच नाही. असा कान घेऊन अँडरसनकडे गेलं की त्याच्या हाकेतली फसवणूक जास्त बोचते.

म्हणून ही कथा मराठीत आणणाऱ्याला एक सुचवावंसं वाटतं. ‘डरकाळी’ इथे चालणार नाही, तिच्यात दरारा आहे. ही विनवणी आहे. शब्द कोणताही निवडा, पण वाघिणीच्या आवाजाला एक आणि अँडरसनच्या आवाजाला ‘नक्कल’ असा दुसरा ठेवू नका. दोन्हीकडे ‘साद’च राहू द्या. वाघिणीला तरी त्या संध्याकाळी त्यात फरक कुठे ऐकू आला होता?